अक्काच्या नावावर

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलाला नाही, डॉक्टरांनाही पूर्ण नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि अक्काला तर मुळीच ओळखत नव्हता.

मी ताडकळसला मुख्याध्यापक होतो. शुगर फार जुनी. सकाळ-संध्याकाळ तीच एक गोळी, कित्येक वर्षं, कधी तक्रार नाही. मग निवृत्तीच्या सुमारास पोट बिघडायला लागलं. बिघडायला म्हणजे — कसं सांगू? कळ यायची, आणि उठेपर्यंत उशीर झालेला असायचा. गोळी इतकी अंगवळणी पडलेली, तिच्यावर संशय कसा येणार? मी तिखट सोडलं, दूध सोडलं. बाहेर जायचं असलं की उपाशी राहायचो. काळ्या पँटी शिवून घेतल्या. डॉक्टर विचारायचे, "पोटाचं काही नाही ना, सर?" मी म्हणायचो, "काही नाही." ज्याला सगळं गाव वाकून नमस्कार करतं, त्यानं असलं काही तोंडानं सांगायचं?

अक्का माझी थोरली बहीण. लहान वयात नवरा गेला आणि ती माहेरी परत आली, ती कायमची. आई शेतात जायची. मला अक्कानंच वाढवलं. माझं हागणं-मुतणं तिनंच काढलं. स्वच्छतेच्या बाबतीत भारी कडक. अंघोळ केल्याशिवाय चुलीजवळ कुणाची फिरकायची टाप नव्हती. सणाचं पुरण घालायचं ते तिनंच.

पाथरीला पुतणीचा साखरपुडा होता. भाड्याच्या जीपनं आम्ही निघालो. मधल्या सीटवर बायको, मुलगा आणि सून; मागच्या सीटवर मी आणि अक्का, शेजारी-शेजारी. पुढं ड्रायव्हरजवळ माझे व्याही, सुनेचे वडील. मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, गोळी मात्र घेतली होती. मानवतच्या अलीकडं कळ आली. गाडी थांबवा — एवढंच तर म्हणायचं होतं! पण व्याह्यांसमोर, रस्त्याच्या कडेला? मी दात आवळून बसलो. आणि मग — झालं.

खिडक्या उघड्या होत्या, वारा होता. बाकी कुणाच्या काही लक्षात आलं नाही. पाथरीला सगळे उतरले, ड्रायव्हर मागचं दार लावायला आला आणि ओरडलाच, "हे काय केलं हो? सगळं सीट घाण झालं की! म्हाताऱ्या माणसाला आणायलाव तर आधी सांगायचं ना!"

सगळ्यांनी अक्काकडं पाहिलं. तिच्या फिकट लुगड्याला मागून डाग लागला होता. सीटवरून पसरत गेलेला — माझा. माझी पँट काळी होती, वरून शर्ट सोडलेला.

अक्कानं माझ्याकडं पाहिलं. तिला माहीत होतं. शेजारी बसलेल्याला कळणार नाही का? नुसता गप्प राहिलो असतो तरी एक वेळ — पण नाही. मी बोललो. शाळेत पालकांची समजूत काढायचो, त्याच आवाजात बोललो. "वय झालंय हो तिचं. आवरत नाही आता. समजून घ्या."

अक्कानं पदर पुढं ओढला. "चुकलं बाबा माझं," ती ड्रायव्हरला म्हणाली. "पाणी दे, मी धुती."

आणि तिनं धुतलं. मी? मी यजमानांच्या न्हाणीत जाऊन स्वतःला आवरलं, जवळ बाळगलेली दुसरी पँट चढवली आणि मांडवात पुढच्या खुर्चीवर बसलो. टोपी-टॉवेलाचा मान घेतला. अक्का दिवसभर मागच्या अंगणात होती. ती जेवली की नाही, मी विचारलं नाही.

घरी आल्यावर सुनेनं तिच्या गादीवर रबरी कापड घातलं. वाईट हेतूनं नाही, माझंच ऐकून. पुरण घालायला अक्का उठली की बायको म्हणायची, "ऱ्हाऊ द्या अक्का, तुमी बसा." पुतणीच्या लग्नाला तिला नेलंच नाही. ती दारात उभी राहून गाडीत बसणाऱ्या सगळ्यांना म्हणाली, "सावकाश जा."

पुढं एकदा अशक्तपणानं मी अंगणात पडलो, तेव्हा कुठं डॉक्टरांना अर्धंमुर्धं सांगितलं. ते म्हणाले, "ही गोळी कधी कधी वर्षानुवर्षं सोसते आणि मग असं करते. आधी का नाही बोललात?" गोळी बदलली. पोट थाऱ्यावर आलं. इतकं सोपं होतं ते!

अक्का शेंगा फोडत बसली होती. तिला सांगितलं, ती गोळीच बाधत होती म्हणून.

"बरं झालं," ती म्हणाली. "आता उपाशी राहू नगंस. लय वाळलास." हातातली शेंग फोडून झाल्यावर तिनं खाली बघतच विचारलं, "मग, घरात सांगणार हायस का?"

"सांगतो की," मी म्हणालो.

तिनं परत विचारलं नाही. मी सांगितलं नाही. ते कापड तिच्या गादीवर तसंच राहिलं. का नाही सांगितलं? धाडस झालं नाही, म्हणायला सोपं आहे. खरं म्हणजे मला त्यात सोय वाटत होती.

दोन वर्षांनी अक्का गेली, साध्या तापाचं निमित्त होऊन. दहाव्याला व्याही आले होते. चारचौघांत माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "लय केलं तुमी तिचं, सर. तवाच जीपमधी बघितलं होतं मी, कसं सांभाळून घेतलं ते. भाऊ असावा तर असा."

मी हात जोडले.