मसाफीच्या खाणीतला फिरकीचा तांब्या

आधीच सांगून टाकतो, भुताखेतांच्या गोष्टी ऐकल्या की माझं डोकं फिरतं. गावाला कुणी देवचाराचा विषय काढला तर मी सरळ उठून जायचो. शारजात अल मजाजला राहतो, एसीच्या कामातला इंजिनियर आहे. थंडावा कुठून येतो आणि कुठे जातो हे बघणं, हेच माझं पोटापाण्याचं काम. त्यामुळे पुढचं वाचून कुणाला हसायचं असेल तर खुशाल हसा... मीही हसलो असतो.

माझा थोरला भाऊ, दादा, इथल्याच मसाफी गावाच्या पुढे डोंगरातल्या एका दगडाच्या क्वारीवर ड्रिलिंग मशीन चालवायचा. तिथे फार पूर्वी क्रोमाइटची खाण होती. त्या खाणीच्या जुन्या कॅम्पातच क्वारीवाल्याने आपले कामगार ठेवले होते. २००८ ची मंदी आली, दुबईतली बांधकामं थांबली आणि मालक एक दिवस पळाला. सगळ्यांचे पासपोर्ट त्याच्याकडे. कॅम्पाची लाइट गेली, पाण्याचा टँकर यायचा बंद झाला. बाकीचे कसेबसे सुटले. दादा मात्र एका सकाळी कॅम्पातून बाहेर पडला तो परत आलाच नाही. पोलीस, कॉन्सुलेट, हॉस्पिटलं, जेल... सगळं पालथं घातलं, हाती काही लागलं नाही.

गावी, देवगडजवळ, वहिनी. नवरा आहे की नाही हेच ठाऊक नाही, अशी बाईने वर्षं काढायची म्हणजे काय, विचार करा. बारा वर्षं उलटल्यावर भाऊबंद मागे लागले — पालाशविधी करून टाका. म्हणजे माणूस सापडतच नाही तेव्हा पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. वहिनी ऐकेनात. मी फोनवर त्यांच्याशी यावरून भांडलोसुद्धा. मला वाटायचं, एकदाच काय ते रडून मोकळ्या होऊ देत. सुनंदा वहिनींचं हे झुरणं मला बघवत नव्हतं.

आमच्या ऑफिसातले देशपांडे पुण्याचे. त्यांनी मेटल डिटेक्टर घेतला होता आणि सुट्टीच्या दिवशी डोंगरांत जुन्या वस्तू शोधत फिरायचे. मला म्हणाले, एखादी जुनी खाण माहीत आहे का? जुने कंदील, पहारी, झालंच तर एखादं नाणं. मी म्हटलं, आहे माहीत. दादाची जागा पुन्हा एकदा बघायची होती, दुसरं काय.

भर दुपार. गाडीत टेम्परेचर त्रेचाळीस. छप्पर उडालेल्या खोल्या, दगडांचे ढीग, चिटपाखरू नाही. देशपांड्यांना कंदिलाचा बर्नर सापडला, मग गंजलेला रुळाचा खिळा... स्वारी खूश. मी कॅम्पाच्या स्वयंपाकघरात भिंतीच्या सावलीला बसलो होतो. इथेच दादा भात शिजवत असेल. ती जमीन देशपांड्यांनी आडवी-उभी तपासून झाली होती, मशीनने हूं की चूं केलं नव्हतं. मी म्हटलं, द्या जरा इकडे. नुसतं हाताला काम म्हणून फिरवलं, तर तिथेच ते किंचाळायला लागलं. देशपांड्यांना वाटलं मी चेष्टा करतोय. त्यांनी स्वतः फिरवलं, तरी तेच.

जमीन दगडासारखी घट्ट. कोपरभर खणल्यावर स्टीलचा फिरकीचा तांब्या निघाला, आपल्याकडे प्रवासात नेतात तसा, झाकणाला आटे असलेला. भांड्यावर नाव घालतात तशी टिंबाटिंबांची अक्षरं — 'चि. सौ. कां. सुनंदाच्या लग्नात मामाकडून सप्रेम'.

वहिनींच्या लग्नातला तांब्या, दादाबरोबर इथवर आलेला. तांब्या जड होता. झाकण एका पिळात उघडलं, आणि आत काठोकाठ पाणी. गार! आमच्या डोळ्यांदेखत तांब्याला बाहेरून घाम फुटला आणि त्याला वाळू चिकटायला लागली. अशा उन्हात, अशा जमिनीतून निघालेलं पाणी फार तर कोमट असेल, हे मी झोपेतही सांगेन. देशपांड्यांकडे सगळ्याला उत्तर असतं. त्यांनी पाण्यात बोटं बुडवली. मग हळूच म्हणाले, "अहो सावंत, हे आत्ता कुणीतरी भरलंय."

पण जमीन तर आम्हीच फोडली होती. घाईघाईत खाली ठेवताना तांब्या माझ्याकडून कलंडला आणि पाणी वाळूत सांडलं.

पोलिसांना कळवलं. त्यांनी आजूबाजूला खणून पाहिलं, काहीही निघालं नाही. चौकशी आटोपल्यावर तांब्या मला मिळाला आणि मी गाव गाठलं. आता तरी वहिनींची खात्री पटेल, म्हणून भाऊबंदांनी भटजींना बोलावून ठेवलं होतं, पळसाची पानंही आणली होती. पाण्याचा विषय काढायचाच नाही असं मी मनाशी पक्कं ठरवलं होतं.

वहिनींनी तांब्या हातात घेतला. अक्षरांवरून बोट फिरवलं, पोटाशी धरला. रडल्या नाहीत. एवढंच विचारलं, "भावजी, रिकामा होता?"

खोटं बोलायला तोंड उघडलं, पण बोलता आलं नाही. सगळं सांगून टाकलं. पाणी, गारवा, फुटलेला घाम, सगळं.

त्या तांब्या घेऊनच उठल्या. मग पडवीत आल्या आणि म्हणाल्या, "भटजींना चहा द्या आणि पाठवा. जो पाणी भरून ठेवतो, त्याला मी अग्नी देऊ देणार नाही."

मला धाय मोकलून रडावंसं वाटलं. त्यांना सोडवायला म्हणून गेलो होतो, आणि मीच त्यांना आणखी कायमचं अडकवून आलो.

ते पाणी कुणी भरलं, गार कसं राहिलं, पहिल्या वेळी मशीन का वाजलं नाही... तुमच्यापैकी कुणाला सुचत असेल तर जरूर सांगा. मी सगळ्या बाजूंनी डोकं लढवून थकलोय. भाऊबंद अजून म्हणतात, तू तिचा धाकटा दीर, तूच समजाव. पण दादा गेला, असं म्हणायला आता माझीच जीभ रेटत नाही.