या तुम्ही

तिसऱ्या वर्षाच्या सुट्टीत आठ आठवडे ट्रेनिंग करायचं होतं आणि ते आपलं आपणच शोधायचं होतं. मी सिव्हिल शिकत होते. मस्कतमध्ये जिकडे बघावं तिकडे बांधकाम, त्यामुळे कोणीही घेईल असं मला वाटलं होतं. दहा-बारा ऑफिसं पालथी घातली. प्रत्येक ठिकाणी रिसेप्शनवरच्या बाईने सीव्ही ठेवून घेतला, 'इन्शाल्ला, कळवू' म्हणाली आणि मी पुन्हा उन्हात. वर्गातल्या बऱ्याच जणांनी ओळखीतून ट्रेनिंग केल्याचं नुसतं पत्र आणि शिक्का मिळवला आणि ते मोकळे झाले. बाबा रस्त्याच्या कामावर फोरमन होते. तेही म्हणाले, "अगं, आमच्या अर्बाबला सांगतो, कंपनीच त्याची, तो देईल शिक्का मारून. बस घरी." मला शिक्का नको होता. तीन वर्षं काँक्रीटवर परीक्षा देऊन मी काँक्रीटला हातही लावला नव्हता. हे काम आपल्याला खरंच जमतं का, तेवढं एकदा बघायचं होतं.

शेवटचं ऑफिस मस्कतच्या अझैबा भागातलं, इमारतींची डिझाइनं करणारं. तिथले मोठे इंजिनिअर साठीच्या घरातले, नागपूरकडचे. माझं आडनाव वाचून ते मराठीत सुरू झाले आणि माझी पंचाईत झाली. आमच्या घरी आईबाबा मराठीत बोलायचे आणि मी इंग्रजीत उत्तरं द्यायचे. तरी रेटलं. त्यांनी चार प्रश्न विचारले, त्यातले दोन आले. मग चष्मा पुसत ते म्हणाले, "बरं. या तुम्ही."

मी डोंगरापलीकडे अमेरातला घरी आले आणि काम मिळालं म्हणून जाहीर केलं. आईने तेवढ्यात गावाकडे दोन मावश्यांना फोन करूनही टाकले. मला शंका यायचं कारणच नव्हतं. आमच्याकडे पाहुणे उठले की आई 'या हं परत' म्हणायची आणि ते पुढच्या शुक्रवारी खरोखर जेवायला हजर व्हायचे. 'या' म्हणजे या. कधी, ते त्यांनी सांगितलं नव्हतं. पण शुक्रवार-शनिवार सुट्टी, ऑफिस रविवारी उघडतं, म्हणजे रविवारी.

रविवारी सकाळी साडेसातला मी त्यांच्या दारात उभी होते, नवीन डबा घेऊन.

"काही राहिलं का तुमचं?" त्यांनी विचारलं.

"सर, तुम्ही या म्हणालात."

त्यांनी माझ्या हातातल्या डब्याकडे पाहिलं. मग खालच्या आवाजात म्हणाले, "अहो, निघा म्हणायच्या ऐवजी आपल्यात 'या' म्हणतात, तसं ते. एकदम जा कसं म्हणायचं माणसाला?"

माझे कान तापले. आपल्याच भाषेत आपल्याला हाकललं गेलं आणि आपल्याला ते कळलंही नाही, याची इतकी लाज वाटली की तिथून पळून जावं. पण बाबा मला सोडून कामावर गेले होते आणि संध्याकाळी पाचशिवाय येणार नव्हते. शिवाय मी कंटाळले होते, सगळ्याचाच कंटाळा आला होता. मी म्हटलं, "बाबा पाचला येतील. तोपर्यंत बसू का?"

"बसायचंच तर हे तपासा," म्हणून त्यांनी एका बंगल्याची सळ्यांची यादी पुढे केली. कोणती सळई केवढी कापायची, कुठे वाकवायची, याचा तो तक्ता. बंगल्याचे तीस कॉलम, म्हणजे खांब, होते. पाच वाजेपर्यंत माझे चार झाले आणि त्यातले तीन चुकले. कॉलमच्या उभ्या सळ्यांभोवतीच्या रिंगांना टोकाला हूक असतात, त्यांची लांबी धरायलाच मी विसरले होते. त्यांनी लाल पेनाने खुणा केल्या आणि कागद परत माझ्याकडे सरकवला. "उरलेले उद्या," ते म्हणाले.

अशी मी तिथे चिकटले. सकाळी बाबांबरोबर निघायचं, दिवसभर आकडे, संध्याकाळी डोळे चुरचुरत. दुसऱ्या आठवड्यात ते मला 'तू' म्हणू लागले, चौथ्यात साइटवर घेऊन गेले. तिथे सळ्या बांधणाऱ्या फिटरने माझ्याच यादीवरून कापलेली सळई उचलून दाखवली आणि हिंदीत म्हणाला, "मॅडम, बराबर है." त्याला त्याचं काही नव्हतं, तो लगेच पुढची बांधायला लागला. मी मात्र ती सळई परत एकदा टेपने मोजून पाहिली. येत होतं मला हे काम.

शेवटच्या गुरुवारी त्यांनी पत्र दिलं. चांगलं लिहिलं होतं. मी धीर करून विचारलं, डिग्री झाल्यावर इथे घ्याल का?

"इथे नाही," ते म्हणाले. "या जागांवर आता इथलीच, ओमानी मुलं घ्यायची, असा सरकारी नियम आहे. आणि बरोबरच आहे, त्यांचा देश आहे."

"माझा जन्म इथला आहे, सर."

"पण पासपोर्ट भारताचाच ना. मी तीस वर्षं आहे इथे. मलाही निघायचंच आहे." मग ते म्हणाले, "पुण्यात माझ्या ओळखीचे आहेत, मी लिहितो त्यांना." पुण्यात मी दोनदा गेले होते, दोन्ही वेळा लग्नाला.

गाडीत बसल्यावर मी बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी एसी वाढवला, सिग्नलला थांबले, सुटल्यावर पुन्हा निघाले. अमेरातचा घाट चढताना म्हणाले, "माहीत होतं मला. आमच्याकडेही तसंच आहे. पण तू रोज एवढी खुशीत यायचीस, सांगवेना."

त्यांचा राग यायला हवा होता, पण आला नाही. आठ आठवडे सकाळ-संध्याकाळ माझ्या शेजारी बसून हा माणूस हे एकटा गिळत होता. मी डोकं मागे टेकलं आणि डोळे मिटून घेतले. घर आलं तरी उतरवेना.