वैनीच्या मासिकांतल्या चिंध्या

वैनीनं तिची ट्रंक उघडली की आधी वाळक्या कडुनिंबाचा वास यायचा आणि त्याच्यामागून जुन्या कागदाचा. सगळ्यात वर तिच्या आईचं इरकली लुगडं. आई गेल्यावर माहेराहून तेवढंच तिच्या वाट्याला आलं होतं. त्याच्याखाली शिवणाची मासिकं, झाकण लागणार नाही इतकी.

आम्ही तेव्हा बळेपेटेत राहत होतो. साहेबलोक घरं मोडून विलायतेला निघून चालले होते, आणि त्यांच्या मडमांनी मागं टाकलेली मासिकं दंडूतल्या, म्हणजे कँटोन्मेंटातल्या, रद्दीवाल्याकडे येऊन पडायची. अण्णा, माझा थोरला भाऊ, कचेरीतून येताना वैनीसाठी एखाददुसरं घेऊन यायचा. दोघंही त्याबद्दल फारसं बोलत नसत. सायकलच्या कॅरियरवरून तो पुडकं काढायचा आणि ती पदराला हात पुसून घ्यायची, एवढंच.

वैनी धारवाडकडची. कन्नड चार इयत्ता शिकलेली, इंग्रजीचं अक्षर ठाऊक नाही. पण प्रत्येक मासिकाच्या पोटात एक भलामोठा कागद घडी घालून असे, त्यावर पाच-सहा कपड्यांच्या रेषा एकमेकींवरून गेलेल्या, कुठं तुटक, कुठं ठिपक्यांच्या. मला ते नुसतं जाळं दिसायचं. वैनी त्यातली एक रेष बोटानं पकडायची, दातेरी चाक फिरवत जायची आणि त्या गुंत्यातून अख्खा फ्रॉक बाहेर काढायची. पेटेतल्या निम्म्या पोरी तिनं शिवलेलं घालून शाळेत जात.

कपडा शिवून झाला की त्याच्या कापडाची बोटभर चिंधी ती त्या चित्राच्या पानाला टाचणीनं लावून ठेवायची. वायल, पॉपलीन, खण, काय काय. कुणी येऊन म्हणालं, "अक्का, मागच्या उगादीला पोस्टमास्तरांच्या मुलीला शिवला होता तसा पाहिजे," तर वैनी मासिकांच्या कडेवरून अंगठा फिरवायची, जांभळी चिंधी दिसली की थांबायची. "हा बघा. याची फुगाबाही छान बसली होती की." पुस्तक काढायला तिला क्षणभरही लागत नसे.

मी कॉलेजात जाऊ लागले आणि मला तिथल्या लायब्ररीचं वेड लागलं. लाकडी कप्पे, त्यात कार्डं, कार्डांवर आकडे. जगातलं सगळं असं लावून ठेवता येतं ह्याचीच मला धुंदी चढली होती. त्या उन्हाळ्यात वैनी भावाच्या लग्नाला धारवाडला गेली. निघताना ट्रंकेची किल्ली माझ्या हातात दिली. "वन्सं, कुणी चित्र बघायला आलं तर दाखवा. तुमच्यावर सोडून चाललेय."

ती परत येईपर्यंत सगळं लावून तिला चकित करायचं मी ठरवलं. मधल्या घरात मासिकं पसरली, वर्ष-महिन्याप्रमाणे ढीग केले, लाल शाईनं आकडे घातले. जुन्या लग्नपत्रिका कापून त्यांच्या कोऱ्या पाठींची कार्डं केली. पुढं कुणाचं तरी शुभमंगल आणि मागं माझ्या वळणदार अक्षरात 'गळे', 'बाह्या', 'लहान मुलींचे झगे'. अण्णा जेवायला बसला की म्हणायचा, "काय गं, आज कुणाची लग्नं मोडलीस?"

चिंध्यांमुळे ढीग सरळ बसत नव्हते. टाचण्यांचा गंज पानांना लागला होता. मी त्या काढायला लागले.

त्या चिंध्या कशासाठी होत्या ते मला तेव्हा कळलं नाही, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. ते खरं नाही. एका पानाला हिरव्या चौकड्याचा तुकडा होता. तो माझ्या परकराचा होता. आमची आई नव्हती. हायस्कुलात जायच्या आधी वैनीनं तो परकर मला शिवला होता. हिरव्या चौकड्याखाली तशाच चुण्यांचा स्कर्ट घातलेली गोरी पोर छापलेली होती. मी तो तुकडा टाचणीतून सोडवला. सगळं कळलं. वैनीनं आधीच सगळं लावून ठेवलेलं होतं. मग माझी कार्डं कशाला? हा प्रश्न मला नको होता. तो तुकडा मी टोपलीत टाकला, आणि मग बाकीचे टाकायला हात अडखळला नाही. सकाळी टोपली बंबात रिकामी केली. अंघोळीचं पाणी लवकर तापलं.

वैनी आली, ट्रंक उघडून बघत राहिली. "अयय्या, किती नीट लावलंत वन्सं!" मग सवयीनं तिचा अंगठा कडेवरून फिरला. पुन्हा फिरला.

"आणि तुकडे?"

"कसर लागली होती गं. टाकावे लागले."

कुठून सुचलं कोण जाणे. खरं सांगितलं असतं तर ती दोन दिवस गप्प राहिली असती, फार तर. पण कसर म्हटल्यावर ती घाबरली. "पाला बदलायचा राहिला माझ्याकडून," म्हणाली. लोकांची रेशमी ब्लाउजपिसं त्याच खोलीत असत, त्यांनाही लागली तर? तिनं आईचं लुगडं दारात नेऊन उजेडात धरलं. घडीवर दोन-तीन ठिकाणी विरलेलं होतं, जुनी लुगडी विरतात तसं. "बघा, इथंपण लागली की."

दुपारी जुन्या कपड्यांवर भांडी देणारी भांडीवाली आली.

"अक्का, यात काय जीव राहिलाय? एक झारा घ्या."

"झारा? माझी आई वरून बघतेय. जरा लाजून बोल."

"मग वाटी घ्या."

"डबा दे, झाकणाचा. नाहीतर चालू लाग."

दोघी हसल्या. लुगडं पाटीत गेलं. मी उंबऱ्यात उभी होते, हातात कार्डं. "थांब" एवढंच म्हणायचं होतं. भांडीवाली कोपऱ्यावर वळेपर्यंतसुद्धा म्हणता आलं असतं. वैनी डबा चिंच लावून घासायला बसली.

पुढची दोन वर्षं ती प्रत्येक नमुना मला विचारायची, "वन्सं, तो फुगाबाहीचा कुठला आकडा?" आणि मी कार्ड बघून सांगायची. मला ते आवडायचं, हेही सांगून टाकते. मग माझं लग्न झालं, मी यशवंतपूरला रेल्वेच्या क्वार्टर्समध्ये गेले. माझी मराठी कार्डं वाचून आकडा सांगणारं दिवसा घरात कुणी उरलं नाही. ट्रंक उघडायची बंद झाली. वैनी आठवणीतले तीन-चार फ्रॉकच फिरवून फिरवून शिवायची. माझ्या मुलीलाही त्यातलाच एक मिळाला. दरवेळी गेलं की ती त्या पितळी डब्यातून चकल्या काढून पुढं ठेवायची. मी खायची.

गेल्या महिन्यात वैनीनं बोलावलं. आता तिला दिसत नाही फारसं. "ट्रंक तुम्ही न्या. तुम्हीच लावलेली, तुम्हालाच कळते." मासिकं बाहेर काढताना पानांच्या कडांवरची टाचणीची भोकं दिसली, दोन-दोन, गंजाचा डाग धरून. मी खाली बघतच म्हणाले, "वैनी, कसर नव्हती. चांगले तुकडे मी जाळले."



"मग लुगडं?"

"लुगडं चांगलं होतं."

बाहेर भाजीवाला ओरडत गेला. वैनी भिंतीला धरून उठली, स्वयंपाकघरातून डबा आणला, त्यातल्या चकल्या एका ताटात ओतल्या, पदरानं आतून पुसला आणि माझ्या पुढ्यात ठेवला.

"हा घेऊन जा. ट्रंक राहू दे इथंच."

"वैनी..."

"स्वल्प दिवस येऊ नका, वन्सं. मग या."

डबा माझ्या ओट्यावर आहे. चिंच लावून घासला. त्यात काय भरावं ते सुचत नाही.