धुळ्याच्या तलावाची उथळ बाजू

माझी ताई पोहायला शिकली ती चोपड्याजवळ, मामांच्या मळ्यातल्या विहिरीत. मामा काठावरून ओरडायचे, "टाक उडी, पानी खोल शे!" आणि ती डोकं खाली घालून बेधडक सूर मारायची. पुढे कॉलेजात असताना ती उन्हाळ्याच्या सुट्टीत जळगावच्या तलावावर मुलांना शिकवू लागली. मी तेव्हा सहावीत होते आणि तिच्या मुलांमध्ये मीही होते. पहिल्याच दिवशी तिनं आम्हाला बजावलं, "विहिरीत कुठूनही उडी मारली तरी खाली पाणीच असतं. इथं खाली फरशी आहे. आधी पाण्यात उतरा, उभं राहून बघा आणि मगच सूर मारा."

त्या मे महिन्यात धुळ्याला जळगाव, धुळे आणि चाळीसगावच्या मुलांच्या स्पर्धा होत्या. पहाटेच्या एसटीनं आम्ही निघालो. आमचे वडील, त्यांना आम्ही भाऊ म्हणायचो, रजा काढून सोबत आले होते. पोरींना एवढ्या लांब एकट्या कशा पाठवायच्या, हे त्यांचं कारण. पण रिलेसाठी आम्ही महिनाभर सूर घोटवला होता, तो बघायची त्यांनाच घाई झाली होती.

तलावावर पोचलो तर पाणी खाली गेलेलं. धुळ्यात त्या वर्षी पाण्याची फार टंचाई होती, प्यायला मिळत नव्हतं तिथं तलाव कोण भरणार? भिंतीवरची हिरवी रेघ उघडी पडली होती. सूर मारायचे ओटे उथळ बाजूला होते. मांडव, पंचांचं टेबल, पाहुण्यांच्या खुर्च्या, सगळं तिथंच मांडलेलं.

सरावाला धुळ्याच्या एका उंच मुलानं ओट्यावरून सूर मारला. वर आला तेव्हा त्याचे दोन्ही तळहात खरचटलेले होते. तो हसत होता. "तळाला लागलो," म्हणाला.

ताई हसली नाही. ती कपड्यांनिशीच पाण्यात उतरली आणि ओट्याखाली जाऊन उभी राहिली. ताई काही उंच नव्हती, तरी पाणी तिच्या कमरेच्या जरासंच वर होतं. तशीच निथळत ती आयोजकांकडे गेली. ते शाळेतून निवृत्त झालेले खेळाचे शिक्षक होते. सगळं धुळं त्यांना नाना म्हणायचं.

"नाना, इथून मुलांना सूर मारू देता येणार नाही. पाणी कमी आहे."

"दरवर्षी इथूनच मारतात."

"दरवर्षी पाणी एवढं खाली असतं का?"

नानांचा आवाज चढला. "पोहायची स्पर्धा आहे बाई ही. सूर नाही तर मजा काय राहिली? आणि पाहुणे निघालेत घरून. तुम्हाला भीती वाटत असेल तर तुमच्या मुली उतरवू नका."

आमच्यातली एक मुलगी रडायला लागली. मला वाटलं, आता भाऊ मध्ये पडतील आणि ताईला गप्प करतील. भाऊ चार पावलं पुढे आले आणि तिच्या शेजारी नुसते उभे राहिले.

तलावाच्या कडेला शिकाऊ मुलांना धरायला द्यायचा बांबू पडला होता. ताईनं तो ओट्याखाली उभा बुडवला, वर काढला आणि त्या उंच मुलाच्या बाजूला धरला. ओली खूण त्याच्या कमरेलाही पोचत नव्हती.

"हात वर कर रे," ती त्याला म्हणाली. त्यानं केले. "नाना, एवढा लांब मुलगा एवढ्याशा पाण्यात डोक्यावर येणार. आज हात खरचटले. उद्या हात जरा वाकले तर मान मोडेल."

नानांनी बांबूवरची ओली खूण बोटानं चाचपली. मग त्यांनी त्या मुलाचे तळहात हातात घेऊन उलटसुलट पाहिले. "मला दाखवलं का नाहीस?" एवढंच त्याला म्हणाले. आणि वळून मोठ्यानं सांगितलं, "सुरुवात खोल बाजूनं होईल. रिलेत उथळ बाजूची मुलं पाण्यात उभी राहूनच निघतील. बठ्ठ्या खुर्च्या उचला, एकूण एक!"

मग काय गडबड! तिन्ही गावांची मुलं खुर्च्या डोक्यावर घेऊन पळत सुटली. पंचांचं टेबल भाऊंनी आणि नानांनी मिळून नेलं. मांडव मात्र जागचा हलणार नव्हता. पाहुणे आले ते डोक्यावर रुमाल टाकून उन्हात बसले, पण कुणी कुरकुर केली नाही.

रिलेत माझी पाळी उथळ बाजूला होती. छातीएवढ्या पाण्यात भिंतीला पाय लावून मी वाट बघत होते. समोरून आलेल्या मैत्रिणीचा हात भिंतीला लागला आणि मी भिंतीला रेटा देऊन निघाले. घोटवलेला सूर तसाच राहिला. धुळ्याच्या मुली पहिल्या आल्या, आम्ही दुसऱ्या. ताईनं आम्हाला असं कवटाळलं की जणू आम्हीच जिंकलो होतो.

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही पुन्हा धुळ्याला गेलो, तेव्हा ओटे खोल बाजूला नवीन बांधलेले होते. उथळ बाजूच्या भिंतीवर लाल अक्षरांत लिहिलं होतं: 'येथून सूर मारू नये.' नाना ताईला ते दाखवायला स्वतः घेऊन गेले. आम्हा मुलींना म्हणाले, "तुमच्या बाई भांडल्या म्हणून हे झालं." ताई लाजून पाण्याकडे बघत राहिली.

पण मला जास्त आठवते ती पहिल्या वर्षीची परतीची एसटी. पारोळ्याला गाडी थांबली. शेजारच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्या आबांनी आमच्या ओल्या वेण्या बघून भाऊंना विचारलं, "पोरी जिंकल्या का?"

भाऊ मितभाषी माणूस. घरात ते मोजकंच बोलायचे आणि आमचं कौतुक तर कधीच करायचे नाहीत. त्यांनी खिडकीशी डोकं टेकून झोपलेल्या ताईकडे बोट केलं आणि बांबूपासून खुर्च्यांपर्यंत सगळी हकिगत सांगायला सुरुवात केली. एरंडोल आलं तरी ते बोलतच होते.