कपाटामागची ओल

निवेदिता शिकायला ऑकलंडला आली, तेव्हा पुरुषोत्तमकाकांनी तिला वर्षभर पोरीसारखं घरी ठेवून घेतलं होतं. आता ती घरं विकणारी एजंट होती, आणि बॉटनी डाउन्स या उपनगरातलं तेच घर काकांनी विकायला तिच्याकडे दिलं होतं.

ओपन होमच्या, म्हणजे लोक घर बघायला येणार होते त्या सकाळी तिनं आवरताना कपाट सरकवलं, तर मागची भिंत ओलीनं पार मऊ पडलेली.

"काका, हे घेणाऱ्यांना सांगावं लागेल."

"कपाटामागं कोण बघतंय? लाव परत."

"मला दिसलंय ना आता. कायद्यानं मला लपवता येत नाही. तुम्ही नकोच म्हणालात, तर हे काम सोडावं लागेल."

"माझ्या घरात राहिलीस आणि माझ्यावरच उलटलीस?"

बाहेर एक गरोदर बाई नवऱ्यासोबत गाडीतून उतरत होती. निवेदितानं जाऊन आजचं घर दाखवणं रद्द झाल्याचं त्यांना सांगितलं.

दोन दिवस तिला जेवण गोड लागेना. मग काकांच्या बायकोचा, नीताकाकूंचा फोन आला. "ओलीचं सांगून विकायला तयार झालेत ते. पण तुझ्याशी बोलायचं नाही म्हणतात."

"चालेल," निवेदिता म्हणाली, आणि फोन ठेवून घरभर येरझाऱ्या घालत राहिली.