बाबासो पेशंट बघायला जातात

कोल्हापुरात विचारे माळावरच्या आमच्या गल्लीत कुणाला काही झालं की त्याची बातमी डॉक्टरांच्या आधी बाबासो शिंग्यांना लागते. वीज मंडळात ते एकतीस वर्षं मीटर रीडर होते. ‘मीटर!’ एवढं ओरडून कुणाच्याही घरात शिरायचं, जिन्याखाली वाकायचं, आकडा टिपायचा आणि जाता जाता घरातल्या माणसांवरही एक नजर टाकायची, यात आयुष्य गेलं. निवृत्तीनंतर मीटर सुटले, शिरण्याची सवय काही सुटेना. मग त्यांनी ती दवाखान्यांकडे वळवली.

पेशंट बघायला तसं आपल्याकडे सगळेच जातात. बाबासोंनी त्याचं शास्त्र केलं. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात दोन शहाळी. कुठल्या दवाखान्याची लिफ्ट बंद असते, कुठला वॉचमन चहाला कधी जातो, कुठल्या मजल्यावरची सिस्टर रागीट, सगळं तोंडपाठ. खाटेच्या पायथ्याशी उभं राहून ते सलाईनच्या बाटलीकडे डोळे बारीक करून बघतात आणि निकाल देतात, “नॉर्मल हाय.”

इथवर ठीक. पण मग ते गोष्ट सांगतात.

“माझ्या साडूलाबी सेम हेच झालतं.”

“मग?” पेशंट आशेनं विचारतो.

“गेला की. पर त्याचं वय झालतं.”

एवढं होऊनही त्यांच्यावर कुणी रागावत नाही. उलट बाबासो फिरकलेच नाहीत तर आपला आजार अगदीच किरकोळ निघाला, असं पेशंटला वाटून जातं. सोबत यल्लव्वा काकू असतात. त्यांच्याकडे रडण्याचं खातं आहे. कुणाच्या डोळ्यात कचरा गेला तरी पदर यांचा डोळ्याला लागतो.

अशा या दोघांची मुलगी मनाली एका मोठ्या दवाखान्यात हृदयाच्या वॉर्डात नर्स आहे. तिनं घरात पेशंटांबद्दल बोलायचं नाही, असा तिचा स्वतःचाच नियम. पण एका शनिवारी जेवताना ती बोलून गेली.

“टांझानियाचा एक पेशंट आलाय. हमिसी नाव. आठ दिवस झाले, बघायला एक माणूस नाही.”

बाबासोंचा घास हातातच राहिला.

“एकबी न्हाय?”

“कोण येणार? विमानानं येऊन भेटायचं का?”

हमिसी तिकडच्या एका साखर कारखान्यात फिटर होता. वय सेहेचाळीस, अंगानं आडदांड, पण हृदयाची एक झडप अरुंद झालेली. दोन जिने चढला की धाप लागायची. त्याच्या देशात ऑपरेशनची रांग लांब, आणि आणखी दोन देशांतून आलेला खर्चाचा आकडा बघूनच छातीत कळ यावी असा. त्या कारखान्याचा चीफ इंजिनियर राजवर्धन हा आपल्या गारगोटीचा. तो म्हणाला, “आमच्या कोल्हापूरला जा. येण्याजाण्याच्या तिकिटासकट तुला परवडेल.” हमिसीनं नकाशात कोल्हापूर शोधलं आणि निघाला. राजवर्धनच्या भावानं त्याला दवाखान्यात दाखल केलं आणि ऊस तोडणीला आलेला म्हणून तो गारगोटीला परत गेला. मग तपासण्या झाल्या, झडपेला जंतू लागू नयेत म्हणून एक किडका दात काढला, ऑपरेशन मंगळवारी ठरलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. बुद्धविहारात सकाळची वंदना संपली तसे बाबासो उभे राहिले.

“आपल्या गावात एक पावणं आठ दिस पडून हाईत आणि बघायला कोण न्हाय. कोल्हापूरचं नाव जातंय. चार वाजता सगळ्यांनी यायचं. धुतलेली कापडं घाला.”

चार वाजता दवाखान्याच्या दारात चौतीस माणसं उभी होती. वॉचमननं पाटी दाखवली. एका वेळी दोघांनाच प्रवेश. बाबासोंनी नियमाचा मान राखला आणि सतरा जोड्या लावल्या.

पुढचा दीड तास हमिसीच्या खोलीत जे चाललं ते असं. दार उघडायचं. पांढऱ्या कपड्यांतली दोन माणसं आत यायची. हात जोडायची. दोघांची दोन शहाळी टेबलावर ठेवायची. आता एरवी आपला माणूस पेशंटपाशी गप्प बसत नाही, तिथं चेष्टा होते, उसाचा दर निघतो. पण इथं बोलणार कुठल्या भाषेत? त्यामुळं जन्मात कधी तोंड न मिटलेली माणसंसुद्धा गप्प उभी राहायची, मान हलवायची, एक सुस्कारा सोडायची आणि पाठ न दाखवता हळूच बाहेर पडायची. सतरा वेळा. शेवटच्या जोडीत बाबासो आणि यल्लव्वा काकू. बाबासोंनी यंत्राच्या पडद्याकडे बघून “नॉर्मल” म्हटलं, पण ते कुणाला ऐकू गेलं नाही. कारण यल्लव्वा काकूंनी तोवर सूर लावला होता.

“आईला सोडून कुठनं कुठं आलंय माझं लेकरू!”

लेकरानं अंगावरची चादर हनुवटीपर्यंत ओढून घेतली.

सोमवारी सकाळी मनाली ड्यूटीवर गेली तर हमिसी बूट घालून खाटेवर बसलेला. बॅग भरलेली. चौतीस शहाळी ओळीनं भिंतीला लावलेली.

“मला खरं सांग,” तो इंग्रजीत म्हणाला. “डॉक्टरांनी मला सोडून सगळ्या गावाला सांगितलंय ना?”

“काय सांगितलंय?”

“माझे आजोबा जाणार होते तेव्हा सगळं गाव असंच आलं होतं. चांगले कपडे घालून, ओळीनं. कुणी काही बोललं नाही. शेवटी माझी आजी रडली आणि संध्याकाळी आजोबा गेले. मला घरी जाऊन मरायचंय. माझं तिकीट बघ.”

मनालीनं समजावलं. मग मोठे डॉक्टर, डॉ. शिवकुमार, आले. त्यांनी हृदयाचं चित्र काढून दाखवलं, ऑपरेशन नेहमीचं आहे म्हणाले, पण झडप आता आणखी थांबणार नाही, या अवस्थेत विमानात बसणं धोक्याचं आहे, हेही सांगितलं. हमिसी शांतपणे म्हणाला, “तुम्ही हसून सांगताय. ती बाई मात्र रडली.”

बाहेर येऊन डॉक्टरांनी मनालीला एवढंच विचारलं, “चौतीस माणसं कुणी आणली?”

तिनं दुपारी आईवडलांना बोलावून घेतलं आणि बाबासोंना जिन्यातच धरलं.

“पप्पा, माणूस घाबरून निघालाय! उद्या टेबलावर नाही गेला तर परत येणार नाही तो. परत यायला राहणारच नाही.”

बाबासो मटकन पायरीवर बसले. यल्लव्वा काकू म्हणाल्या, “तुमच्या गोष्टी ऐकून माणसं घाबरत हुती, आता तुमचं तोंड बघूनच पळाया लागली.”

“आणि तू रडलीस ते?”

“मी काय आज रडाया लागलीया व्हय?”

 आपण चांगलं करायला गेलो आणि एका माणसाच्या जिवाशी खेळ झाला, हे बाबासोंना जिन्याच्या गार पायरीवर बसून पुरतं कळलं. मग ते उठले.

“मने, ह्येला सांगून पटायचं न्हाय. ह्येला दाखवाय पायजे. चाकाची खुर्ची आण.”

डॉक्टरांची परवानगी काढून ते हमिसीला खालच्या मजल्यावर घेऊन गेले. पहिलीच खाट हुपरीच्या अण्णाप्पाची. हा चांदीच्या पैंजणांचा कारागीर. पायावर लोखंडी साचा पडून अंगठा मोडलेला. खाटेभोवती एकोणीस माणसं, तीन डबे, एक तान्हं पोर. अण्णाप्पाची सासू कन्नडमध्ये मोठ्यानं रडत होती.

हमिसीचा चेहरा पडला. “याला काय झालंय?”

“अंगठा,” मनाली म्हणाली.

“वाचेल?”

“ही माणसं उठली तर परवा घरी जाईल.”

हमिसीनं प्लास्टरमधल्या अंगठ्याकडे बघितलं, सासूकडे बघितलं, पुन्हा अंगठ्याकडे बघितलं. एवढ्यात मंडळींना पावणं दिसलं. अण्णाप्पाला टाकून सगळी त्याच्याभोवती जमली. “कुठनं आलाईसा? काय झालंय? ऑपरेशन?” त्यातला एक जण पुढं सरकून म्हणाला, “आमच्या मेव्हण्यालाबी हेच...”

“मेव्हणा हाय का गेला?” बाबासोंनी मधेच तोडलं.

“गेला की, पर...”

“मग नगं सांगूस!”

बाबासोंनी गोष्ट थांबवल्याचं आमच्या गल्लीच्या इतिहासात हे पहिलंच उदाहरण.

पुढच्या खाटेवर मुतखडा, तिथं अकरा माणसं. त्याच्या पुढं हात मोडलेला पोऱ्या, तिथं आख्खा वर्ग. हमिसी आता माणसं मोजू लागला होता. कोपऱ्यात मात्र कोडोलीचे जोतीराम तात्या एकटेच पडलेले. हर्नियाचं ऑपरेशन होऊन गेलेलं, घरची मंडळी गावाकडच्या एसटीसाठी उठून गेलेली. तात्या छताकडे बघत होते.

हमिसीनं खुर्ची तिकडं न्यायला सांगितली. तात्यांच्या खाटेपाशी थांबला, हात जोडले आणि मग, भाषा नसल्यामुळे, गप्प राहिला. मान हलवली. तात्यांचा हात आपल्या मोठ्या हातात घेतला.

तात्यांनी मान वळवली आणि ताडकन उठून बसायचा प्रयत्न केला.

“सिस्टर! ह्यो कोण?”

“टांझानियाचे पेशंट आहेत, तात्या. तुम्हाला बघायला आलेत.”

“मला? आफ्रिकेतनं?” तात्यांचा आवाज फाटला. “एवढ्या लांबनं माणूस मला बघाय आलाय म्हंजे माझं काय खरं न्हाय! डॉक्टरनं पोरास्नी सांगितलंय, मला न्हाय सांगितलं! माझ्या धाकट्याला फोन लावा!”

मनालीनं हसू दाबत हमिसीला अर्थ सांगितला. हमिसी गडबडला. तात्यांचा हात सोडेना.

“नाही, नाही! त्यांना सांग, मी नुसता आलोय. त्यांना काही झालेलं नाही. एकटे दिसले म्हणून आलो. एवढंच!”

“मग गप का बसलाय, इचारा त्येला!”

“मला त्यांची भाषा येत नाही, म्हणून! दुसरं काही नाही. त्यांना सांग, शपथ घेऊन सांगतो!”

आणि तिथंच तो थांबला. तोंड उघडंच राहिलं. हळूहळू मान वळवून त्यानं मागं उभ्या असलेल्या बाबासोंकडे बघितलं. बाबासोंनी जमिनीकडे बघितलं.

मग हमिसी हसायला लागला. छाती धरून, धाप लागेपर्यंत. मनालीनं घाबरून नाडी धरली, तरी थांबेना. तात्या विचारत होते, “हसतोय का? हसतोय का ह्यो?” आणि यल्लव्वा काकू, हसू की रडू हे ठरेना म्हणून, दोन्ही करत होत्या.

वर गेल्यावर त्यानं बूट काढले आणि कागदावर सही केली.

मंगळवारी ऑपरेशन पाच तास चाललं. वॉर्डाबाहेर एका पेशंटचा एकच माणूस बसू शकतो म्हणून बाबासो बसले. शेजारी आणखी दोन पेशंटांचे नातेवाईक होते. त्यांनी आपणहून विचारलं, “काका, कसलं ऑपरेशन? धोका असतो का हो?” बाबासोंना साडू आठवला, सोबतीला आणखी तिघं आठवले. त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले. पाच तास. वर्षानुवर्षांची ओळख असलेला वॉचमन दोनदा येऊन विचारून गेला, “तब्येत बरी हाय न्हवं?”

दुपारी डॉ. शिवकुमार बाहेर आले. झडप बसली होती, छान चालत होती.

बुधवारी श्वासाची नळी काढल्यावर हमिसीनं नीट डोळे उघडले. काचेपलीकडे एकटे बाबासो. आत फक्त मनाली. त्याच्या कपाळावर आठी पडली. कोरड्या घशानं त्यानं काहीतरी विचारलं. मनाली वाकली, ऐकलं आणि बाबासोंना हातानं खूण केली, किती?

बाबासोंनी खिडकीतून खाली बघितलं. गेटजवळ वॉचमन दोन्ही हात पसरून उभा होता. बाबासो त्याच्यापुढं ओळीनं थांबलेली माणसं बोटानं मोजत राहिले, एक ओळ चुकली म्हणून पुन्हा मोजलं, मग काचेवर वाफ सोडून आतून सुलटा दिसेल असा इंग्रजीत आकडा लिहिला. एकसष्ट.

हमिसीनं तो वाचला. कपाळावरची आठी गेली. “मग झोपतो,” म्हणाला, आणि झोपला.