महालक्ष्म्यांमागची जांभळट राखाडी भिंत

रंग निवडण्यात मी चुकत नाही. हे नम्रपणे सांगायला हवं होतं, पण नम्रपणा मला जमत नाही. उज्जैनच्या टावर चौकातल्या दुकानदाराने रंगाचं कार्ड पुढे केलं, तेव्हा मी थेट एका गडद, विझलेल्या जांभळट राखाडीवर बोट ठेवलं. वांग्याच्या सालीवर राख चोळावी तसा रंग.

"दीदी, ये तो होटल वाले लेते हैं," तो म्हणाला.

"तो आज से घर वाले भी लेंगे," मी म्हटलं.

सासूबाई पंधरा दिवसांसाठी धाकट्या दिरांकडे इंदूरला गेल्या होत्या. ती संधी मी साधली, हे कबूल करते. रंगवायची होती बैठकीतली एकच भिंत, पण तिच्यापुढे आमच्याकडे दर भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात. पहिला हात दिल्यावर ती भयंकर दिसली, नुसते पट्टे. नवऱ्याने वर्तमानपत्रात तोंड खुपसलं. मी दुसरा हात द्यायला लावला, मग तिसरा. वाळल्यावर ती भिंत इतकी शांत दिसायला लागली की मी समोर खुर्ची टाकून दोन कप चहा प्यायले.

आई परत आल्या आणि दारातच थबकल्या.

"हे काय करून ठेवलंस गं? बिलकुल भट्टीसारखं! महालक्ष्म्या अशा अंधारात बसतील का?"

"अंधार नाही आई, रंग आहे तो."

"आधीसारखी पिवळी करून घे. नाही तर ह्या वर्षी त्या इंदूरलाच बसतील. मी फोन लावून देते तिकडे."

धमकी खरी होती आणि मला ती झोंबली. थोरल्या सुनेच्या घरातून महालक्ष्म्या हलणं म्हणजे काय, हे आमच्यातल्या बायकांना समजावून सांगावं लागत नाही. लग्न होऊन इथे आले तेव्हापासून महालक्ष्म्यांच्या साड्यांच्या निऱ्या मीच घालते. तरी भिंतीवरचा हट्ट सोडवेना. म्हटलं, "आवाहनाला अजून चार दिवस आहेत. मुखवटे नुसते ठेवून बघू. नको वाटलं तर मी स्वतः ब्रश घेऊन पिवळी करते."

पितळी मुखवटे घासून लख्ख केले, भिंतीपुढच्या स्टँडवर चढवले आणि बाजूला झाले. आता ओरडा बसणार, ही तयारी होतीच. पण आई हळूहळू पुढे आल्या.

"धाकटीचं नाक चेपलंय का गं?"

"हो. मागे मांडताना पडला होता ना मुखवटा. चार वर्षं झाली की आई."

"मला आज दिसलं," त्या म्हणाल्या. "पिवळ्या भिंतीपुढे नुसता पिवळा गोळा दिसायचा. अंदाजाने हात जोडत होते. तुम्हा लोकांना कशाला परेशान करायचं."

इंदूरला फोन गेला नाही. महालक्ष्म्या त्याच भिंतीपुढे बसल्या, आलेल्या बायकांनी रंगाचा नंबर विचारून घेतला, आणि मी तो ऐटीत सांगितला. त्याआधी, मुखवटे ठेवून बघितले त्याच्या दुसऱ्याच दिवशी, आईंना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. त्यांनी कधीपासून त्रास होतोय विचारलं, तेव्हा आईंच्या आधी मीच उत्तर द्यायला तोंड उघडलं. आणि मला काहीच माहीत नव्हतं.